वीस तेत्री

आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
त्बिलिसीच्या या टोकाला, ग्लदानीत, अशा लिफ्ट अजून आहेत.
वर जायचे वीस तेत्री, उतरणं फुकट.
शेजारचा म्हातारा बादरी म्हणतो, धंद्याचंही तसंच.

मी मझिया. आठवा मजला.
आंबट आलुबुखारची चटणी बाटल्यांत भरून विकते.
बारा माणसं, दोन कढया,
झाकणं लावायचं एक रुसकं मशीन
आणि हॅम्बर्गचा एक दुकानदार,
ज्याचे पैसे कायम पुढच्या मंगळवारी येतात.

व्यायामाच्या बाबतीत मीही तो दुकानदारच.
पुढचा मंगळवार.
जिमची वर्षाची फी भरली, दोनदा गेले,
त्यातलं दुसऱ्यांदा राहिलेला टॉवेल आणायला.
पळायचे बूट घेतले.
बूट कुठे आहेत ठाऊक नाही,
खोक्यात मात्र व्हॅटच्या पावत्या छान मावतात.

मग फेब्रुवारीतली ती रात्र.
पर्समध्ये नोटा, कार्डं, कुणाकुणाचे पत्ते,
नाणं एकही नाही.

पाचव्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिले.
दिवसभर मी लोकांना दम देत होते,
काचवाल्याला, ट्रकवाल्याला, बँकेतल्या त्या पोराला,
आणि इथे, पाच मजल्यांत,
माझ्यापाशीच दम उरला नव्हता.
अंधारात माझाच श्वास
कुणीतरी दुसरंच मागून चढत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी खिशात नाणं होतं.
तरी जिन्याकडे वळले.
तब्येतीसाठी नाही,
वीस तेत्री वाचतात म्हणून.
धंदेवाली बाई आहे, खोटं कशाला बोलू.

दिवसातून एकदा, एवढंच ठरवलं.
तक्ता नाही, गजर नाही,
घरी तर यावंच लागतं.
तिसऱ्यावर कुणाचा तरी कांदा करपतो.
चौथ्यावर एक मुलगी पियानो शिकते
आणि रोज त्याच सुराला अडखळते.
सहाव्यावरची मांजर मला ओळख देत नाही.
आणि जिन्यात फोन लागत नाही,
हे कळायला मला महिना लागला.
आठ मजले कुणीही मला काहीही मागू शकत नाही!
एप्रिलमध्ये कठडा धरला तो सातव्यावर.

जूनमध्ये आलुबुखार आले.
ट्रकमागून ट्रक, कढयांखाली रात्रंदिवस जाळ,
हातांना लसणाचा वास, केसांत वाफ.
तेवीस दिवस मी लिफ्टने गेले,
भिंतीला टेकून, उभ्या उभ्या पेंगत.
पूर्वीची मी म्हणाले असते,
मोडलं. आता नव्या वर्षी बघू.
आरंभशूर माणसाला
मोडल्याचा एक गुपचूप आनंदही होतो.

चोविसाव्या दिवशी सुटका झाली, खाली येऊन उभी राहिले.
हॅम्बर्गवाल्याला मी उशिराचं व्याज लावते.
जिन्याने लावलं नाही.
पहिली पायरी होती तशीच होती,
डाव्या कोपऱ्यात तुटलेली.
फक्त पुन्हा पाचव्यावर थांबावं लागलं.
थांबले.
ती मुलगी ज्या सुराला अडखळायची,
तो तिनं बहुतेक ओलांडला होता, किंवा ती गावाला गेली होती.

काल बादरी लिफ्टमध्ये उभा,
दोन्ही हातांत बटाट्याच्या पिशव्या,
सुजलेला गुडघा,
आणि नाण्यासाठी खिशात घालायला तिसरा हात नाही.
मी माझं नाणं टाकलं.
दार मिटता मिटता तो ओरडला, आणि तू?
लिफ्ट कण्हत निघाली, मी पायऱ्यांवरून.

अर्थातच तो आधी पोचला.
दारात पिशव्या ठेवून कोटाचे खिसे चाचपत होता.
उधारी त्याला खपत नाही.
"थांब," म्हणाला, "दम धर जरा,
तुझे वीस तेत्री देतो."

होता माझ्याकडे.
धरला.